चौकांतील दंड आणि चौकांतील देवघेव

शहरांतील एखाद्या गजबजलेल्या चौकांत दुपारच्या वेळीं घटकाभर उभें राहिलें, तर एक लहानसें नाटक पुनः पुनः पाहावयास मिळतें. तांबडा दिवा लागल्यावरहि एखादी दुचाकी पुढें सरकते, शिटी वाजते, गाडी कडेला घेतली जाते. कागदपत्रांची मागणी होते, कांहीं बोलाचाली होते, प्रथम आवाज चढतात आणि मग ते उतरतात. यानंतर नाटकाला दोन शेवट संभवतात. एका शेवटीं छापील पावती निघते आणि तिच्यावरील रक्कम सरकारी खजिन्यांत जाते. दुसऱ्या शेवटीं पावती निघतच नाहीं. एक नोट घडी होऊन या हातांतून त्या हातांत जाते, आणि दुचाकीस्वार सुटकेचा निःश्वास टाकून आपल्या वाटेस लागतो. मराठींत या दुसऱ्या शेवटाला ‘चिरीमिरी’ असें गोंडस नांव आहे. नांव इतकें लाडिक कीं, कायद्यानें ज्या गोष्टीला तीन ते सात वर्षांची कैद सांगितली आहे ती हीच, हें ऐकणाऱ्याच्या ध्यानांतहि येत नाहीं.

या देवघेवीबद्दल हळहळ व्यक्त करणें सोपें आहे. तिचा व्यवहार नेमका कसा चालतो हें पाहणें अधिक उपयोगाचें. त्यासाठीं आधीं कायद्याची थोडी ओळख करून घ्यावी लागते. मोटारींसंबंधीं साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू असा पहिला कायदा १९१४ सालीं झाला. त्याच्या जागीं १९३९ चा कायदा आला, आणि त्याच्याहि जागीं १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून अमलांत आहे. या कायद्यांतील दंडाच्या कित्येक रकमा पुढें जवळजवळ तीस वर्षें होत्या तशाच राहिल्या. ज्या अपराधाला वेगळी शिक्षा सांगितलेली नाहीं अशा किरकोळ अपराधाला पहिल्या खेपेस शंभर रुपयांपर्यंत दंड ठरला, तेव्हां शंभर रुपयांना मोल होतें. पुढें तेवढ्यांत दोघांचें बाहेरचें जेवणहि होईना. अखेर २०१९ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली व १ सप्टेंबरपासून नव्या रकमा लागू झाल्या. शंभरांचे पांचशें झाले. परवान्याशिवाय गाडी चालविण्याबद्दल पूर्वीं पांचशें रुपये होते त्यांचे पांच हजार झाले. दारू पिऊन गाडी चालविणाऱ्याचा पहिल्या खेपेचा दंड दोन हजारांवरून दहा हजारांवर गेला. हे आकडे पाहून राज्यें बिचकलीं. गुजरातनें त्याच महिन्यांत कांहीं रकमा खालीं आणल्या, आणि महाराष्ट्रानें तर अंमलबजावणीच लांबणीवर टाकली. येथें वाढीव दंड लागू होण्यास डिसेंबर २०२१ उजाडावा लागला.

राज्यांना असें कमीजास्त करतां येतें तें कशाच्या आधारें? याचें उत्तर कायद्याच्या कलम २०० मध्यें आहे, आणि चौकांतील सगळ्या व्यवहाराची किल्लीहि तेथेंच आहे. चौकांत उभा असलेला अंमलदार हा न्यायाधीश नव्हे. अपराध झाला कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा. परंतु प्रत्येक तांबड्या दिव्यासाठीं खटला चालवावयाचा म्हटल्यास न्यायालयांना दुसरें काम करतां येणार नाहीं. म्हणून ठराविक अपराधांत, राज्य शासनानें नेमलेल्या अधिकाऱ्यानें ठराविक रक्कम घेऊन प्रकरण तेथल्या तेथें मिटवावें, अशी सोय कायद्यानें केली आहे. लोक ज्याला दंड म्हणतात तें कायद्याच्या भाषेंत तडजोड शुल्क होय. नागरिकाला तें मान्य नसेल तर न्यायालयाची वाट त्याला मोकळी असते. सोय चांगली आहे. पण तडजोड हा शब्दच असा कीं, तो एकदां रस्त्यावर आला म्हणजे त्याला दुसरा फांटा फुटावयास वेळ लागत नाहीं. सरकारशीं तडजोड पांचशें रुपयांत होत असेल, तर सरकारच्या माणसाशीं ती दोनशांत कां होऊं नये?

या प्रश्नांत एक बाजार दडलेला आहे. या बाजारांतला भाव अपराध किती घातक आहे यावर ठरत नाहीं. दंडाची रक्कम आणि दंडाबरोबर येणारा त्रास या दोहोंच्या बेरजेवर तो ठरतो. कागदपत्रें अडकून पडणें, गाडी ओढून नेली जाणें, न्यायालयांत खेटे घालावे लागणें, कचेरीची वेळ चुकणें, हा सगळा त्रास रुपयांत मोजतां येतो, आणि रस्त्यावरचा अनुभवी माणूस तो क्षणांत मोजतो. म्हणून दंड वाढला आणि तपासणीची पद्धति मात्र तीच राहिली, तर नियम मोडणारा थोडा कचरतो हें खरें, पण तोडपाणीचा भावहि त्याबरोबर वर चढतो. शंभरांच्या दंडावर कोणी फार मोठी लाच देणार नाहीं. पांच हजारांच्या दंडापुढें पांचशेंची नोट स्वस्त वाटते. इटलींतील विचारवंत चेझारे बेक्कारिया यानें १७६४ सालींच असें मांडलें होतें कीं, गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या कठोरपणापेक्षां तिच्या अटळपणानें. चौकांतील लाच नेमका हा अटळपणाच विकून टाकते.

आणि जें विकलें जातें त्याची किंमत पुष्कळदां तिसराच कोणी भरतो. केंद्र शासनाच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षीं भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. म्हणजे दर दिवसाला चारशें साठांहून अधिक. त्यांतील ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंचें कारण अतिवेग असें नोंदलें गेलें आहे. अतिवेग हें कांहीं विधिलिखित नव्हे. तो यंत्रानें मोजतां येतो आणि वेळीं थांबवितां येतो.

दुचाकीवाल्याच्या चिरीमिरीपेक्षांहि भयंकर प्रकार मालमोटारींचा. मर्यादेपेक्षां अधिक माल भरलेल्या गाडीला कायद्यानें वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागें दोन हजार रुपये असा दंड सांगितला आहे, आणि जास्तीचा माल उतरविल्याशिवाय ती गाडी पुढें जाऊं द्यावयाची नाहीं असेंहि बजाविलें आहे. या शेवटच्या अटीचा हेतु उघड आहे. नुसता दंड भरल्यानें गाडीचें वजन कमी होत नाहीं. नाक्यावर हात ओले करून सुटलेली मालमोटार तेवढ्याच वजनानिशीं बोरघाटाच्या उतारावर येते, आणि तिच्या ब्रेकना तर नाक्यावर झालेला समझोता ठाऊक नसतो.

मालमोटारींच्या वाटेवरील लाचेचा फार बारकाईचा एक अभ्यास इंडोनेशियांत झालेला आहे. सुमात्रा बेटाच्या उत्तर टोंकाला आचे नांवाचा प्रांत आहे. तेथें २००५ व २००६ सालीं बेंजामिन ओल्केन आणि पॅट्रिक बॅरन या दोन संशोधकांनीं आपलीं माणसें ड्रायव्हरच्या शेजारीं बसवून ३०४ खेपांचा हिशेब ठेविला. त्या खेपांत सहा हजारांहून अधिक वेळां बेकायदा पैसे दिले गेले. म्हणजे एका खेपेला सरासरी वीस वेळां! या हिशेबांतून दोन चमत्कारिक गोष्टी निघाल्या. पहिली ही कीं, गाडी मुक्कामाच्या जितकी जवळ येई तितकी नाक्यावरची मागणी वाढे. कारण इतकी वाट तुडवून आलेला ड्रायव्हर आतां माघारीं फिरणार नाहीं हें नाकेवाल्याला पक्कें ठाऊक असे. दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. तेथील बंडखोरांशीं २००५ मध्यें तह झाल्यावर सैन्य व पोलीस मोठ्या संख्येनें परत गेले आणि वाटेवरचे नाके कमी झाले. एकंदर बोजा त्यामुळें उतरला खरा. परंतु उरलेल्या नाक्यांनीं आपापला दर वाढविला. वाटेकरी घटले कीं उरलेल्यांचा वांटा वाढतो, हा घरच्या मालमत्तेचा न्याय तेथें रस्त्यावरहि लागू पडला.

यावर पुष्कळ लोक एक उपाय सुचवितात, तो पगाराचा. शिपायाला पुरेसें वेतन द्या, म्हणजे तो हात पसरणार नाहीं. धुरानें व धुळीनें भरलेल्या चौकांत दहा दहा तास उभ्या राहणाऱ्या माणसाकडे पाहिलें म्हणजे हा उपाय पटतो, आणि माणुसकीच्या दृष्टीनें तो योग्यहि आहे. परंतु केवळ एवढ्यानें लाच थांबेल काय? पश्चिम आफ्रिकेंतील घाना या देशानें २०१० सालीं आपल्या पोलिसांचे पगार जवळजवळ दुप्पट केले. त्या देशाच्या महामार्गांवरून जाणाऱ्या मालमोटारींच्या नोंदी पुढें तपासल्या, तेव्हां असें आढळलें कीं, पोलिसांनीं मागावयाची रक्कम कमी होण्याऐवजीं वाढली होती. पगार वाढला, पण पकडले जाण्याची भीति वाढली नाहीं. मग जुनी संवय कशासाठीं सुटावी?

याच्या उलट उदाहरण काळ्या समुद्रालगतच्या जॉर्जिया या देशाचें आहे. सोव्हिएत काळापासून तेथील वाहतूक पोलीस इतके बदनाम होते कीं, त्यांतील जागाच मुळीं पैसे देऊन विकत मिळत. विकत घेतलेली जागा म्हणजे भांडवल. आणि भांडवल घातलें कीं तें व्याजासह वसूल करणें आलेंच. २००३ सालच्या क्रांतीनंतर आलेल्या नव्या सरकारनें या पोलीस दलाची डागडुजी करण्याच्या भरीस न पडतां २००४ सालीं तें संपूर्ण दलच मोडून टाकलें. सुमारें पंधरा हजार माणसांना घरीं पाठविण्यांत आलें. त्यांच्या जागीं पुष्कळच थोड्या पण नव्या, शिकलेल्या तरुणांचें गस्ती दल उभें राहिलें. त्यांना पूर्वींपेक्षां कितीतरी पट अधिक पगार दिला गेला. दंडाची रक्कम शिपायाच्या हातांत न देतां बँकेंत भरण्याची पद्धति सुरू झाली. आणि नव्या शिपायांची परीक्षा पाहण्यासाठीं वेष पालटलेलीं माणसें त्यांच्यांत सोडण्यांत आलीं. पोलीस ठाण्यांच्या नव्या इमारतींना तर भिंतींऐवजीं कांचा बसविल्या, म्हणजे आंत काय चाललें आहे हें रस्त्यावरून कोणालाहि दिसावें. कांचेच्या या ठाण्यांचें जगभर कौतुक झालें. तथापि त्याच राजवटीचे तुरुंग मात्र कांचेचे नव्हते. तेथील छळाचीं चित्रें २०१२ सालीं बाहेर आलीं आणि त्या वर्षींच्या निवडणुकींत सत्ताधारी पक्षाला पराभव पत्करावा लागला. रस्त्यावरची लाच घालविणें ही एक गोष्ट आणि सत्तेला वेसण घालणें ही दुसरी, एवढा भेद या हकीकतींत लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

महाराष्ट्रानें कोणाला घरीं पाठविलें नाहीं. येथें भर दिला गेला तो यंत्रावर. मुंबईंत २०१६ च्या सुमारास रस्तोरस्तीं कॅमेरे आले, आणि पावतीपुस्तकाऐवजीं ई-चलन सुरू झालें. कॅमेऱ्यानें गाडीचा क्रमांक टिपावा, त्यावरून मालकाचा पत्ता लागावा, आणि दंडाचा निरोप त्याच्या मोबाईलवर जावा, अशी ही योजना. तिचा मोठा गुण हा कीं, अपराधी आणि अंमलदार यांची गांठच पडत नाहीं. जेथें भेट नाहीं तेथें देवघेव कशी होणार? २०१९ च्या दुरुस्तीनें अशा यंत्रांना कायद्याचा आधार मिळाला, आणि २०२१ सालीं केंद्राच्या नियमांत असेंहि घातलें गेलें कीं, यंत्राला दरवर्षीं प्रमाणपत्र असावें, यंत्रानें टिपण्यांत येणाऱ्या रस्त्यावर तशी पाटी ठळकपणें लावावी, आणि अपराधाची सूचना पंधरा दिवसांच्या आंत मालकाकडे धाडावी.

पण यंत्र आलें म्हणून प्रश्न संपले असें झालें नाहीं. ते दुसरीकडे सरकले. गाडी विकून टाकली पण नोंदणी जुन्याच नांवावर राहिली, तर दंडाचा निरोप भलत्याच घरीं जातो. कोणी दुसऱ्याच्या क्रमांकाची खोटी पाटी लावली, तर ज्यानें ती वाट पाहिलीहि नाहीं अशा सज्जनाच्या नांवें चलन निघतें. मोबाईलचा क्रमांक बदलला तर मालकाला पत्ताच लागत नाहीं. आणि सर्वांत मोठी अडचण वसुलीची. चलनें काढणें सोपें, पैसे जमा होणें अवघड. न भरलेल्या चलनांचे ढीग साचतात आणि मग लोक अदालतींत तीं कमी रकमेवर मिटविलीं जातात. ज्यानें वेळेवर पूर्ण दंड भरला तो मूर्ख ठरावा आणि जो बसून राहिला त्याला सूट मिळावी, हा न्याय कांहीं बरा नव्हे. शिवाय जेथें कॅमेरा नाहीं, असा गांवाबाहेरचा रस्ता, आडनाका, रात्रीची वेळ, तेथें जुनें नाटक जुन्याच नटांसह चालूं राहतें.

आतां नाटकांतील दुसऱ्या पात्राकडे वळलें पाहिजे. कारण लाच घेणाऱ्याची निंदा घरोघर होते, देणारा मात्र स्वतःला नेहमींच गरीब बिचारा समजतो. कायद्याची दृष्टि या बाबतींत बदलली आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत पूर्वीं असें कलम होतें कीं, लाच दिल्याचें जो स्वतः सांगेल त्याच्यावर त्या जबानीवरून खटला भरतां येऊं नये. २०१८ च्या दुरुस्तीनें तें कलम काढून टाकलें, आणि लाच देणें हाच स्वतंत्र अपराध ठरविला. त्यालाहि सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. ज्याच्याकडून ती बळजबरीनें उकळली गेली त्याला संरक्षण आहे. मात्र त्यानें सात दिवसांच्या आंत अधिकाऱ्यांकडे तशी खबर दिली पाहिजे. लाच देण्यापूर्वींच खबर देऊन सापळ्यांत साह्य करणाऱ्यालाहि हा अपराध लागत नाहीं.

महाराष्ट्रांत ही खबर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे १०६४ या क्रमांकावर देतां येते. सापळ्याची रीत ऐकण्याजोगी आहे. तक्रारीची प्रथम खातरजमा होते. मग द्यावयाच्या नोटांना फिनॉल्फथॅलिन नांवाची पांढरी पूड लावतात. ती डोळ्यांना दिसत नाहीं. दोन पंच बरोबर असतात. नोटा स्वीकारल्या गेल्या कीं ठरलेली खूण होते, आणि घेणाऱ्याचे हात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत बुडवितात. पाणी गुलाबी झालें म्हणजे हातांनीं नोटा हाताळल्या हें सिद्ध होतें. परंतु नुसत्या गुलाबी पाण्यानें खटला जिंकतां येत नाहीं. पैशांची मागणी झाली होती हेंहि सिद्ध व्हावें लागतें. खटला उभा राहीपर्यंत तक्रारदार फिरला किंवा मरण पावला, तर काय करावयाचें? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें १५ डिसेंबर २०२२ रोजीं या प्रश्नाचा निकाल दिला. अशा वेळीं इतर साक्षीदारांच्या व परिस्थितिजन्य पुराव्यावरूनहि मागणी सिद्ध करतां येईल, असें पीठानें ठरविलें.

सापळ्यापर्यंत जाण्याची हिंमत प्रत्येकास होईल असें नाहीं. चौकांत उभ्या असलेल्या माणसाला तेवढ्या मोठ्या धैर्याची गरजहि नसते. कांहीं साध्या गोष्टी ठाऊक असल्या तरी पुरतें. परवाना मागणारा पोलीस गणवेषांत असला पाहिजे, असें कायदा सांगतो. परवाना व नोंदणीचे कागद मोबाईलमधील डिजिलॉकरमधून दाखविले तरी चालतात, असा नियम २०१८ सालीं झाला. दंड भरल्यास त्याची पावती मागावी. तो मान्य नसेल तर प्रकरण न्यायालयाकडे पाठवा असें शांतपणें सांगावें. पावती मागणाऱ्याशीं तोडपाणीची भाषा सहसा पुढें सरकत नाहीं. आणखी एक कलम आहे, २१० ब. ज्यांच्यावर हा कायदा राबविण्याची जबाबदारी आहे त्यांनींच तो मोडला, तर त्यांना दुप्पट दंड आहे. हेल्मेटवांचून दुचाकीवर बसलेल्या शिपायाला हें कलम कोणी ऐकवावें, हा निराळा प्रश्न.

राहिली घरची गोष्ट. सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं अठरा वर्षें पुरीं होण्याच्या आधींच मुलाच्या हातीं गाडीची किल्ली जाते, आणि चौकांत अडविलें तर वडिलांना फोन लावण्याची शिकवणहि त्याला मिळालेली असते. फोनवरून ओळख निघते, नाहीं तर पाकीट निघतें. मुलगा या प्रसंगांतून काय शिकतो हें सांगावयास नको. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यांतील कल्याणीनगरमध्यें सतरा वर्षांच्या मुलाच्या हातची भरधाव मोटार दुचाकीवर आदळली आणि दुचाकीवरील दोन तरुण अभियंते ठार झाले. मुलाला कांहीं तासांतच जामीन मिळाला, आणि जामिनाच्या अटींत अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहिणें ही एक अट होती. देशभर संताप उसळल्यावर पुढचीं पानें उलगडत गेलीं. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलण्यांत आल्याचा आरोप ठेवून डॉक्टरांना अटक झाली. वरिष्ठांना वेळेवर खबर दिली नाहीं म्हणून दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले.

२०१९ च्या दुरुस्तीनें घातलेलें कलम १९९ अ याच प्रकारासाठीं आहे. अल्पवयीन मुलानें गाडी चालवून अपराध केला, तर दोषी ठरतो तो त्याचा पालक किंवा गाडीचा मालक. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. आपल्याला ठाऊक नव्हतें, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हें सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठीं रद्द होते, आणि मुलाला पंचवीस वर्षें पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाहीं.